सागाचं मेज आणि आंब्याची पेटी

आमच्या गावच्या चर्चमध्ये (आम्ही देऊळच म्हणतो) ज्या मेजावरून प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस वाटतात, त्याच्या दर्शनी फळीवर 'शमुवेल गंगाराम साळवे, सुतार यांजकडून अर्पण' अशी अक्षरं होती. अक्षरं मी कोरली. साळवे सुतार म्हणजे मीच. मेजही माझ्याच हातचं. त्या सगळ्या ओळीत खोटा शब्द एकच होता, शेवटचा.

नाताळ अंकासाठी सुतारकामातल्या गमतीजमती लिहून द्या, असं संपादकांचं पत्र आलं. गमती पुष्कळ आहेत. पण पंच्याऐंशी उलटल्यावर माणसाने आधी काय लिहावं याचा विचार केला, तेव्हा गमती मागे पडल्या आणि हे मेज पुढे आलं.

आधी धंद्याबद्दल थोडं सांगतो. मी नगरला मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकलो आणि नेवासा तालुक्यातल्या आमच्या गावी येऊन दुकान मांडलं. दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर, पुढे लिंबाचं झाड आणि मध्ये एक ठोकळा. काम शेतकऱ्यांचं. नांगर, तिफण, बैलगाडीची साटी, बाज, पाळणा. ख्रिस्ती समाजाचं म्हणून आणखी एक काम माझ्याकडे होतं, ते शवपेट्यांचं. आम्ही नुसतं 'पेटी' म्हणतो. घरात कुणी गेलं की नातेवाईक माझ्याकडे एक दोरी घेऊन येत. दोरीला दोन गाठी. एक डोक्यापासून पायापर्यंतची, दुसरी खांद्याच्या रुंदीची. तोंडाने कुणी फार बोलत नसे. मी दोरी खुंटीला टांगायचो आणि कामाला लागायचो. लांबीत चार बोटं जास्त धरायची, हा आमचा नियम. लाकूड आंब्याचं, नाहीतर खोक्यांचं. वरून काळं कापड, त्यावर पांढऱ्या फितीचा क्रूस, आणि उशीत रंध्याची साल भरायची. उन्हाळ्यात चार तासांच्या आत पेटी तयार पाहिजे. आतली बाजू मी कधी रंधत नसे, खरबरीतच ठेवायचो. आत कोण बघतो, असा हिशेब.

सगुणाआत्या माझी सख्खी आत्या नव्हती. ती सगळ्या गावाची आत्या होती. तरुणपणी नवरा गेला, मूलबाळ नाही. मग ती मिशनची बायबलबाई झाली, गावोगाव शास्त्र वाचून दाखवणारी. खांद्याला झोळी, हातात शास्त्र, पायात वहाणा असल्या तर असल्या. तीस वर्षं तिने आमच्या भागातली खेडी पायी तुडवली. ज्या मडमसाहेबांच्या हाताखाली ती काम करी, त्या मायदेशी परत निघाल्या आणि त्यांचा बंगला पाडायचा ठरला. जाताना त्यांनी आत्याला विचारलं, तुला काय हवं? आत्याने दार मागितलं. बंगल्याचं पुढचं, बर्मा सागाचं, दोन फळ्यांचं दार.

ते दार बैलगाडीत घालून ती माझ्या दुकानात आली. सत्तरीला टेकलेली, पण काठी नाही. मला म्हणाली, याची माझ्यासाठी पेटी कर.

मी म्हटलं, आत्या, तुम्ही अजून ठणठणीत आहात.

"म्हनून तर आले," ती म्हणाली. "मेल्यावर कशी येनार? या दारातनं मी तीस वर्षं आत गेले. आता याच दारानं वर जाईन म्हनते. आन् तवर त्यात जोंधळं ठेवीन. रिकामी कशाला ठेवायची?"

माप घ्यायला तिने काय करावं? दुकानाच्या जमिनीवर, भुश्यात, सरळ आडवी झाली. रस्त्याने जाणारे थांबून बघायला लागले. मी लाजत लाजत दोरी लावली. ती डोळे मिटून, हसू दाबत पडली होती. म्हणाली, "चार बोटं जास्त धर हां शमू, जाताना अवघडून जायला नको."

ती जगायचीही अशीच. घरात एक बाज, एक चूल, दोन लुगडी. त्यातलं एक पांढरं, त्या दिवसासाठी जपून ठेवलेलं. दर नाताळाला ते धुऊन परत घडी घालायची. लोक चेष्टा करायचे, आत्याने सामान बांधून ठेवलंय म्हणून. पण सामान बांधून बसलेला माणूस जसा दुसरं काही करत नाही, तशी ती नव्हती. कुडाच्या भिंती दर पंधरवड्याला सारवायची. दर शनिवारी देऊळ झाडायची. बाळंतिणीला शेक द्यायला, भांडणाऱ्या जावा-जावा सोडवायला ती पुढे. कुणी विचारलंच, की आत्या तुम्हाला तर जायचंय, मग घर कशाला सारवता, तर म्हणायची, "पावनी जाताना मागं घान सोडून जाती व्हय?"

आता माझ्या कर्माकडे येतो.

१९७० साल. देवळातलं जुनं मेज वाळवीने खाल्लं होतं. नवं करायचं म्हणून पंचमंडळींची बैठक बसली. एकजण म्हणाला, नगरच्या फर्निचरवाल्याकडून आणू, गावठी सुतार नांगर करणार, त्याला मेज काय जमणार? मी बैठकीतच बसलेलो. तिशीतलं रक्त. मी उठलो आणि म्हणालो, मेज मी करीन, सागवानी करीन, आणि लाकडासकट माझ्यातर्फे अर्पण करीन. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. पाळकसाहेबांनी तिथल्या तिथे प्रार्थना केली. आता मागे फिरायची वाट उरली नाही.

साग मिळेल असं वाटलं होतं, तो मिळाला नाही. नाताळ जवळ आला. आणि दुकानाच्या मागच्या भिंतीला आत्याचं दार टेकून उभं.

सुतारांमध्ये एक वाईट खोड असते. याचं लाकूड त्याला वापरायचं आणि पुढे भरून काढायचं. सगळेच करतात, आम्ही त्याला 'उसनं' म्हणतो. मी मनाशी म्हटलं, आत्याला कुठे घाई आहे? तिच्या पेटीसाठी पुढे साग आणू. आणि तसं पाहिलं तर पेटी मातीतच जायची. मातीत साग गेला काय आणि आंबा गेला काय. माणूस चोरी करताना किती समजूतदार होतो, ते मी तेव्हा शिकलो.

माझी बायको सुशीला दुकानात भाकरी घेऊन आली, तेव्हा मी दाराच्या बिजागऱ्या उपसत होतो. तिने बघितलं, भाकरी ठेवली आणि म्हणाली, "देवाला द्यायला दुसऱ्याचंच दार सापडलं व्हय?" मी रंधा जोरात चालवायला लागलो. मला पुढचं ऐकू आलं नाही की ती पुढे बोललीच नाही, कोण जाणे.

मेज मात्र झालं देखणं. एका फळीची कूस दुसरीच्या खाचेत इतकी घट्ट बसली, की एकही खिळा मारायला लागला नाही. दाराच्या एका फळीला कडीच्या खिट्टीचं भोक होतं, अंगठा जाईल एवढं. फळीच्या पाठीमागून ते अर्ध्यापर्यंतच गेलेलं. मी ती बाजू आत घातली आणि गुळगुळीत बाजू पुढे करून तिच्यावर नाव कोरलं. नाताळच्या भक्तीला सगळे मेजाभोवती गोळा झाले. आत्याही आली. तिने मेजाच्या कडेवरून तळवा फिरवला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, चांगलं झालं रे.

नाताळ झाल्यावर ती पेटी मागायला लागली. साग अजून नव्हता. मग मी आंब्याच्या फळ्या घेतल्या, वरून गर्द रंग आणि पॉलिश चढवलं. दिवसाउजेडी बघितली तरी सागाचीच वाटावी, अशी पेटी केली. आत अर्थातच रंधलं नाही. ती तिच्या घरी पोचवली. तिने झाकण उघडलं, आत डोकं घातलं आणि म्हणाली, सागाचा वास येईना की.

मी म्हटलं, पॉलिशने वास मरतो.

"असू दे," ती म्हणाली. "तवा कुठं नाक लागनार हाय."

तळाशी पांढरं लुगडं गेलं आणि त्यावर कापडाच्या पिशव्यांमधून जोंधळा. गावाने जे मूठ-पसा दिलेलं, ते सगळं त्यात. झाकणावर बसून ती वाती वळायची, शेंगा सोलायची. येणाऱ्याला म्हणायची, बस, माझ्या गाडीत बस.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, ती बाहेरच्यांना ठाऊक नसते. जुन्या सागाला कीड शिवत नाही. त्याच्या अंगात तेल असतं. आंब्याचं लाकूड वर्ष-दीड वर्षात पोखरलं जातं. आधी सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात, मग खाली पिठासारखा बारीक भुगा पडायला लागतो. रंधलेल्या, पॉलिश केलेल्या बाजूने कीड चटकन शिरत नाही. न रंधलेल्या बाजूने शिरते.

१९७२ साली पाऊस आलाच नाही. आधीचं वर्षही कोरडंच गेलेलं. भाद्रपदात विहिरींचे तळ दिसायला लागले होते. अशात आत्याने मला बोलावणं धाडलं. मी गेलो. तिने पेटीखाली बोट दाखवलं. सारवलेल्या जमिनीवर पिवळट भुग्याची रेघ होती.

"रोज झाडते, रोज पडतंय," ती म्हणाली. "कशाचं रं हे?"

मी गुडघ्यावर बसलो, तळफळीला हात लावला. भोकं बोटांना लागली. खरं बोलायला तीच वेळ होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणालो, "आत्या, हे लाकडाचं नाही. जोंधळ्याला कीड लागलीय. बाहेर काढा आणि ऊन द्या."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "व्हय का? बरं."

उन्हात घालणं राहिलं बाजूला. दुसऱ्या दिवसापासून ती सुपात जोंधळा घेऊन घरोघर जायला लागली. कीड लागायलीय म्हणे, मला एकटीला संपायचा नाही, तुम्ही खाऊन टाका. चार दिवसांत पेटी रिकामी झाली. ज्या घरांत जोंधळा गेला, त्यातली काही मराठ्यांची, काही बौद्धांची, काही आमची. तिने घर बघितलं नाही, चूल बघितली. आणि ऐन दुष्काळाच्या तोंडावर सत्तरीची बाई रिकाम्या घरात बसली, ती माझ्या एका खोट्यापायी, हे मला एकट्याला ठाऊक होतं. सुशीला तिला भाकरी द्यायची, पण आमच्याही घरी भाकऱ्या मोजून होत्या. मला त्या दिवसांत जेवण गोड लागलं नाही.

दिवाळीनंतर दुष्काळी कामं निघाली. आमच्या गावाबाहेर रस्त्याचं काम सुरू झालं, शे-दोनशे माणसं खडी फोडायला. नांगर-तिफणीला आता कोण विचारतो? मला मात्र काम मिळालं, हातोड्यांना आणि टिकावांना दांडे बसवायचं. बाभळीचा दांडा, कडेला तासून, वर पाचर मारायची. दिवसाला किती दांडे तुटायचे याला गणती नव्हती. आत्याही कामावर आली. तिला हातोडा उचलवेना, म्हणून मुकादमाने तिला बाभळीखाली पोरं सांभाळायला बसवलं. झाडाला पोत्यांच्या झोळ्या बांधलेल्या, त्यात तान्ही पोरं. त्यांच्या आया पलीकडे खडी फोडताहेत. मी माझा ठोकळा त्याच बाभळीच्या सावलीला मांडला होता, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं.

एकदा दुपारच्या सुट्टीत पारूबाई म्हणून एक बाई आली. घरची दहा एकरवाली, मराठ्याची सून. आता हाताला चिंध्या बांधून खडी फोडत होती. पदराने वारा घेत पोरापाशी बसली आणि आत्याला डिवचायला लागली.

"आत्या, तुमच्या त्या स्वर्गात पानी हाय का?"

"नदी हाय," आत्या म्हणाली. "कवाच आटत न्हाई."

"आन् खायाला?"

"नदीच्या दोनी अंगाला झाडं हायती. दर म्हयन्याला फळ धरत्यात."

"मंग हितं कशाला धूळ खात बसलाव? चला की आत्ताच. मी बी येती संगं."

बाकीच्या बाया हसल्या. आत्याही हसली. पारूबाईचं पोर तिच्या मांडीवर झोपलेलं होतं. त्याच्या तोंडावरची माशी वारून ती म्हणाली, "आत्ता कसं जायचं बाय? तुजं लेकरू मांडीवर निजलंय. उठंल न्हवं."

मी दांड्याला पाचर मारत होतो. हात थांबला. स्वर्गावरची प्रवचनं मी तोपर्यंत ऐकली होती आणि पुढेही खूप ऐकली. त्यातलं कुठलंही मला या एका वाक्याइतकं कळलेलं नाही. तिची तयारी पूर्ण होती, म्हणून तिला घाई नव्हती.

उन्हाळ्यात कामावर जुलाब-उलटीची साथ आली. पाथर्डीकडून आलेला एक मजूर, आमच्याच समाजाचा, सकाळी अंग टाकून दुपारच्या आत गेला. त्याचा भाऊ दोरी घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. माझ्याकडे फळ्या नव्हत्या. साथीत सगळ्या संपल्या होत्या. खोकीसुद्धा नव्हती. आत्या बाभळीखालून उठून आली, दोरी बघितली, स्वतःच्या अंगाशी धरली. म्हणाली, माझ्यात मावंल. माझी घ्या.

तळफळी पोखरलेली. चार खांद्यांवर उचलल्यावर वाटेत तळ निसटला, तर मेलेल्या माणसाची विटंबना आणि माझी अब्रू, दोन्ही एकदमच रस्त्यावर येणार. मी म्हणालो, मी आधी जाऊन जरा ठाकठीक करतो. खांद्यावर हत्यारं आणि दांड्यांतून उरलेल्या बाभळीच्या पट्ट्या टाकून धावत तिच्या घरी गेलो. ती मागून आली.

पेटी मी पालथी घातली आणि तळाला आडव्या पट्ट्या ठोकायला लागलो. त्याआधी आत्याने आतलं पांढरं लुगडं काढून खुंटीवर टाकलं होतं. ती दारात उभी होती.

"खिळं लांब मार शमू," ती म्हणाली. "आंबा हाय. सागावानी धरून ठेवत न्हाई."

मी हातोडा खाली ठेवला. मला वर बघवेना. पट्टीकडे बघतच मी विचारलं, कधीपासून ठाऊक आहे?

"पयल्या शनवारपासनं. झाडायला मेजाखाली वाकले, तर आतल्या अंगाला खिट्टीचं भोक. तीस वर्षं त्यात माझा अंगठा जात हुता. आपलं दार वळखू येत न्हाई व्हय?"

"मग बोलला का नाहीत आत्या?"

"वाट बघत हुते. आज सांगंल, उद्या सांगंल. तू आपला सलाम आत्या म्हनायचास आन् म्होरं जायचास."

मी जोंधळ्याचं काढलं. म्हणालो, माझ्या खोट्यापायी तुमची पेटी रिकामी झाली.

यावर ती चक्क हसली. "ते मातर तू बेस केलंस. म्हातारीच्या तोंडचं कोन घेतंय? नुसतं देते म्हनले असते तर येकानं घेतलं नसतं. कीड लागलीय म्हनल्यावर समद्यांनी घेतलं. वर मलाच उपकार केल्यावानी."

मी तिचे पाय धरले. नवी पेटी करून देतो म्हणालो, सागाची. माफ करा म्हणालो.

"माफ कवाच केलंय. त्याबिगर त्या मेजावर दर म्हयन्याला जेवले असते व्हय?" तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पन मला सांगून काय उपेग? मी जाते तिथं समदं ठाऊकच हाय. हितल्या मानसांना सांग. तेंना ठाऊक न्हाई." मग हात काढून घेतला. "आता ऊठ. त्यो बिचारा उन्हात पडलाय."

मी लांब खिळे मारले. पेटी दफनभूमीपर्यंत नीट पोचली.

आमच्यात प्रभुभोजनाआधी मन तपासायची रीत आहे. भावाबहिणीचं काही देणं लागत असेल, कुणाशी वाकडं असेल, तर आधी ते मिटवायचं आणि मग मेजाकडे यायचं. तोपर्यंत मी निर्ढावून जात होतो. त्या दिवसानंतर मला जाता येईना. मंडळींना सांगायचं, मग जेवायचं, असं मी ठरवलं. पुढच्या महिन्यात सांगू म्हटलं. त्याच्या पुढच्या महिन्यात सांगू म्हटलं.

दुष्काळ सरल्यावर मी साग मिळवला आणि तिच्यासाठी पेटी केली. ही मात्र आतूनही रंधली. ती बघून खूश झाली, जोंधळा ठेवायला छान म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "हे दिलंस, पन मी मागितलं ते न्हाई दिलंस."

पुढच्या हिवाळ्यात ती गेली. एका सकाळी घर सारवून झालं आणि हात धुवायला बसली, ती तिथेच कलंडली. पाळकसाहेबांपाशी निरोप ठेवलेला होता. पेटीत जोंधळा आहे, तो माझ्यासाठी उपसू नका, मला गोधडीत गुंडाळून माती द्या. तेव्हा आम्ही तिला पांढरं लुगडं नेसवून गोधडीत माती दिली. पारूबाई आपलं पोर कडेवर घेऊन आली होती. मूठमाती तिनेही दिली.

ती सागाची पेटी आजही देवळात आहे. आमच्या बाया रोजच्या स्वयंपाकातून देवासाठी एक एक मूठ धान्य बाजूला काढतात, ते रविवारी त्यात पडतं. नवे पाळक आले की तिचा आकार बघून आधी दचकतात. मग कुणीतरी त्यांना सगुणाआत्याची गोष्ट सांगतं. अर्धीच. उरलेली अर्धी माझ्यापाशी होती.

लोकांना वाटायचं, मेज दिलं त्यानेच मेजापासून दूर बसावं, काय ही नम्रता. मला पंचमंडळींवर घेतलं. मुलींची लग्नं ठरवताना सोयरे म्हणायचे, मेज दिलेल्या साळव्यांचं घर. अशा वेळी तोंड उघडणं दर वर्षी जास्त जड होत गेलं. दर चार-पाच वर्षांनी नवे पाळक यायचे आणि विचारायचे, मिस्त्री, तुम्ही प्रभुभोजन का घेत नाही? मी पोटाचं कारण सांगायचो. पोटाचा विकार म्हणून माझी पंचक्रोशीत ख्याती झाली. एका पाळकसाहेबांनी तर मला श्रीरामपूरहून चूर्ण आणून दिलं. मी ते तीन महिने घेतलं. चूर्ण चांगलं होतं.

सुशीलाने मात्र हे कधी मानलं नाही. मला टोचलंही नाही. दर प्रभुभोजनाच्या रविवारी घरी आल्यावर ती मला पाणी द्यायची आणि माझ्याकडे नुसती बघायची. सहा वर्षांपूर्वी तीही गेली. तिची पेटी मी स्वतः केली, आतून रंधलेली.

तेवढं एक मात्र मी पाळलं. त्या दुपारनंतर माझ्या दुकानातून कुठलंही काम मागच्या बाजूने खरबरीत गेलं नाही. पाळण्याचा तळ, कपाटाची पाठ, पेटीची आतली बाजू, सगळं रंधून दिलं. गिऱ्हाइकं म्हणायची, मिस्त्री, हे कोण बघणार आहे? मी म्हणायचो, बघणारे आहेत. एवढंच काय ते स्वर्गाचं माझ्या रोजच्या कामात उतरलं. फार नाही. पण त्याने माझे हात शांत राहिले, झोप लागली. मी दुःखात आयुष्य काढलं असं कुणी समजू नये. चांगलं काढलं. एक खिळा तेवढा सलत राहिला.

संपादकांचं पत्र आलं, तेव्हा मी लिहायला बसलो आणि पहिली ओळ लिहिल्यावर लक्षात आलं की अंक निघायच्या आधी हे देवळात सांगायला पाहिजे. गावाला छापील कागदातून कळणं बरं नव्हे.

यंदाच्या हंगामाच्या सणाच्या, म्हणजे नवी पिकं देवळात अर्पण करतात त्या रविवारच्या, आदल्या शनिवारी मी पाळकसाहेबांची परवानगी घेतली आणि हत्यारं घेऊन देवळात गेलो. हात कापतात आता. पण कूस माझीच होती, तिने ऐकलं. दर्शनी फळी निघाली. ती मी फिरवली आणि परत बसवली. माझं नाव आत गेलं. मडमसाहेबांच्या दाराची बाजू पुढे आली, खिट्टीच्या भोकासकट.

रविवारी देऊळ भरलेलं होतं. मेजापुढे उसाच्या मोळ्या, कणसं, भोपळे. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, दारापासून चूर्णापर्यंत. मला वाटलं, आता सगळे उठून जातील. मग मागच्या बाकावरून एका म्हातारीचा आवाज आला.

"म्हंजी मिस्त्री, तुमचं पोट बरं हाय तर."

आधी पोरं हसली, मग सगळे. पाळकसाहेबही हसले. मला पन्नास वर्षांत एवढं हलकं वाटलं नव्हतं. त्या हसण्यातच त्यांनी भाकर मोडली आणि मला नावाने हाक मारली. मी पुढे गेलो. गुडघ्यावर बसताना तोल गेला, म्हणून मेजाच्या दर्शनी फळीला धरलं. अंगठा आपोआप त्या भोकात गेला. आतून गुळगुळीत होतं, वापराने झालेलं.

आता फार काही उरलेलं नाही. माझ्या मापाची दोरी मी गाठी मारून दुकानातल्या खुंटीला लावून ठेवली आहे. मुलं साग आणू म्हणतात, म्हणून इथे लिहून ठेवतो. पेटी आंब्याची करावी. आतून रंधावी. खिळे लांब मारावेत. पॉलिश करू नये.